ज्याचं नाव त्यानंच पुसायचं

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. घाबरू नका, शाळेतला नव्हे. माझ्यावर आजवर एकही गणित सोडवलं गेलेलं नाही आणि माझ्यासमोर कुणी अंगठे धरून उभं राहिलेलं नाही. माझ्यावर बातम्या असायच्या. त्याही अशा एका मंडळाच्या, की ते खरंच होतं असं मी सांगितलं तर तुमचे आईवडील म्हणतील, फळा म्हातारा झाला, काहीही बोलतो.

माझा जन्म शिवडीच्या एका गोदामात झाला. तेव्हा मी खोका होतो. बोटीतून एका मिलसाठी यंत्राचे सुटे भाग माझ्यातून आले. ते काढून घेतल्यावर मला कुणी विचारेना. मग घोडपदेवच्या आनंदा सुतारानं माझ्या चार फळ्या जोडल्या, रंधा मारला, काळा रंग दिला. माझ्या पाठीवर एक मोठा बाण छापलेला होता. कुठली बाजू वर ठेवायची हे हमालांना कळावं म्हणून. आनंदानं घाईत मला नेमका उलटा जोडला आणि बाण जमिनीकडे वळला. ज्यांच्यासाठी मी बनलो त्यांना तो फार आवडला, कारण ती माणसं सुट्टीच्या दिवशी जमिनीखाली जायची.

त्यांचं नाव गिरगाव गुहा मंडळ. रविवारी कुणी चौपाटीवर जातं, कुणी नाटकाला. ही मंडळी गुहेत जायची. तिथं देव नाही, लेणी नाहीत, मग आहे काय, असं कुणी विचारलं की मंडळाचे सेक्रेटरी श्यामकांत कोठारे गंभीरपणे सांगायचे, "अंधार. आणि तो चांगल्या प्रतीचा."

श्यामकांत सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर रजिस्टरं लिहून ते इतके कंटाळत, की मंडळात एकही वही ठेवायची नाही अशी त्यांनी शपथच घेतली होती. सगळं माझ्यावर. अक्षर त्यांच्या धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं. ती शाळेत शिकवायची आणि अरुंद कपारीत सगळ्यांच्या आधी शिरायची. तिसरा गणपत साटम. हा डिलाईल रोडच्या चाळीत राहणारा मिलमधला फिटर. मंडळाचे दिवे, दोर, हातोडी असं सगळं सामान त्याच्याकडे. दिवे कार्बाइडचे होते. आत खडे घालायचे, वरून पाणी ठिबकवायचं, की गॅस होऊन पांढरी शुभ्र ज्योत लागते आणि कुजलेल्या लसणासारखा वास सुटतो. त्या वासावरून गणपत आला हे चाळीला दोन मजले आधी कळायचं.

गिरगावातल्या आमच्या चाळीत जिन्याजवळ मी टांगलेला होतो. माझ्यावरच्या बातम्या ऐका. 'रविवारी मंडळाचे दोर गच्चीवर वाळत घातले जातील. कृपया त्यावर चादरी टाकू नयेत.' 'मागच्या गुहेत एक डावी चप्पल राहिली आहे. उजवी ज्यांच्याकडे असेल त्यांनी भेटावे.' 'वटवाघळांविषयी व्याख्यान. वक्त्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे.'

माझा एक निष्ठावंत वाचक होता. बारा महिने छत्री घेऊन फिरणारा एक किडकिडीत गृहस्थ. तो रोज सकाळी येऊन मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा आणि छोट्या वहीत सगळं उतरवून घ्यायचा. मला वाटायचं, काय हा ज्ञानाचा ध्यास!

आता मुख्य गोष्ट. मंडळाचा नियम एकच होता आणि तो दुर्गाकाकूंनी घातला होता. दुर्गाकाकू म्हणजे श्यामकांत आणि सुनंदा यांची आई. त्यांनी जन्मात गुहा पाहिली नव्हती. पण त्यांचे यजमान एकदा "आलोच" म्हणून घराबाहेर पडले होते आणि भजनी मंडळाबरोबर चौथ्या दिवशी परतले होते. तेव्हापासून काकूंचा "आलोच" या शब्दावरचा विश्वास उडाला. नियम असा, की गुहेत जाताना प्रत्येकानं आपलं नाव फळ्यावर लिहायचं आणि परत आल्यावर आपल्या हातानं पुसायचं. ज्याचं नाव त्यानंच. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सगळी नावं पुसली गेली की सुनंदा खाली लिहायची, 'सगळे आले.' मग काकू पानं वाढायच्या.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा माझ्या मधोमध एक रेघ आली. डावा अर्धा गुहांचा, उजवा अर्धा चळवळीचा. उजवीकडे सभा, मोर्चे, हरताळ. डावीकडे दोर आणि चप्पल. दोघांचं बरं चाललं होतं.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. एका शनिवारी तिघं कर्जतपुढच्या 'साळिंदराचे बीळ' नावाच्या गुहेत गेले. माझ्यावर सगळं नीट लिहिलेलं होतं. 'साळिंदराचे बीळ. दिवे तीन, कार्बाइड एक डबा, दोर साठ हात, हातोडी.' खाली तीन नावं. गुहेत बातम्या पोचत नाहीत. ती माणसं बाहेर आली तोवर इकडे शहराचं रूप पालटलं होतं. रविवारी संध्याकाळी श्यामकांत आणि सुनंदा कसेबसे घरी पोचले, त्यांनी आपापली नावं पुसली. गणपत सामान घेऊन करी रोडला उतरला होता. संचारबंदी लागलेली. तो गिरगावात येणार कसा? नाव तसंच राहिलं.

त्या दोन दिवसांत माझ्या उजव्या अर्ध्यावर वेगळी नावं आली, गोळीबारात गेलेल्यांची. मंगळवारी दुपारी संचारबंदी पाच तासांसाठी उठली, तेव्हा चळवळीतली मंडळी श्यामकांतांकडे आली. "अर्ध्यात मावत नाहीत हो," त्यातला एक जण म्हणाला आणि त्यानं डाव्या अर्ध्याकडे बोट केलं.

श्यामकांतांनी ओलं फडकं घेतलं. "गणपत घरी पोचलाय. त्याचं पुसतो."

"हात मागे घे," जिन्यावरून काकू म्हणाल्या. "तू त्याला घरात शिरताना पाहिलंस?"

"करी रोडला उतरताना पाहिलं, आई."

"करी रोडला उतरणं म्हणजे घर नव्हे. त्या उजवीकडच्यांची नावं पुसायला कुणी येणार नाही. हा एक तरी येऊ दे."

श्यामकांत काही बोलणार तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. परळकडून चालत आलेली, पदर खोचलेला. गणपतची आई, अंबिकाबाई.

"माझो झील खंय आसा?" तिनं विचारलं. "शनवारी गेलो तो अजून इलो नाय. तुमच्या त्या बिळात रवलो काय?"

मित्रांनो, घरचे समजत होते तो गुहेत आहे आणि गुहेतले समजत होते तो घरी आहे. तो दोन्हीकडे नाही, हे फक्त माझ्यावर लिहिलेलं होतं.

श्यामकांत, सुनंदा आणि अंबिकाबाई धावले. आधी करी रोडला, मग तिथं विचारपूस करून जवळच्या एका पोलीस चौकीत. चौकीचं नाव मी सांगत नाही, कारण पुढं जे झालं ते त्यांना आवडणार नाही. रविवारी संध्याकाळी गस्तीवरच्या हवालदारानं गणपतला अडवून पिशवी उघडायला लावली होती. आत दोर, हातोडी, डोंगरातल्या भोकांचा हातानं काढलेला नकाशा आणि डब्यात उरलेले करडे खडे. हवालदाराच्या मते हा बॉम्ब होता. बॉम्ब निकामी करायला तो पाण्यात बुडवतात, असं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं अख्खा डबा बादलीत ओतला. बादली फसफसली, उकळली, आणि असा काही वास सुटला, की सगळी चौकी रस्त्यावर आली. कोठडीत गणपत एकटा ओरडत राहिला, "बिडी विझवा! आधी बिडी विझवा रे!" ही धमकी म्हणून लिहून घेण्यात आली.

आता फौजदार कागद तयार करून बसले होते. आरोपीला संध्याकाळी वर पाठवायचं होतं. एकदा वर गेला की महिने निघाले असते, मिलमधली नोकरी गेली असती.

"आमचं गुहा मंडळ आहे," श्यामकांत म्हणाले.

"म्हणजे माणसं आपण होऊन बिळात शिरतात?" फौजदार म्हणाले. "कोण सांगतं?"

"कुणी नाही."

"मिळतं काय?"

"अंधार."

फौजदारांनी डोळे मिटून घेतले. "लेखी आहे काही? वही? रजिस्टर?"

श्यामकांतांना जन्मात पहिल्यांदाच रजिस्टरची आठवण येऊन गहिवरून आलं. सुनंदा म्हणाली, "फळा आहे."

ती परत धावत गिरगावात आली. संचारबंदी उठून साडेतीन तास गेले होते, दीड तास उरला होता. काकूंनी मला खिळ्यावरून उतरवायला लावलं. पण माझ्यावर होतं ते सगळं खडूचं. कागद लावला तर पुसणार, कापड टाकलं तर पुसणार. म्हणून दोन पोरसवदा शेजाऱ्यांनी मला फक्त कडांना धरलं, तोंड बाहेर करून, आणि पुढं काकू स्वतः निघाल्या. मी पहिल्यांदाच शहर पाहत होतो. भायखळा आलं तोवर लोक मागं चालायला लागले होते. उजवीकडची नावं वाचून काही जण थांबत, नमस्कार करत आणि सामील होत. डावीकडचं एकच नाव वाचून कुणी तरी ओरडलं, "गणपत साटम यांना सोडा!" लालबागपर्यंत शंभरेक माणसं गणपतसाठी घसा फोडत होती. गणपत कोण हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

काकू वळून म्हणाल्या, "घोषणा द्या, पण लांबून द्या. थुंकी उडते फळ्यावर."

शंभर माणसं चार पावलं मागं सरकली. तरी गर्दीत कुणाचा तरी खांदा लागला आणि माझे साठ हात दोर नाहीसे झाले. नाव तेवढं बचावलं.

चौकीत मला फौजदारांच्या टेबलाला टेकवून उभं केलं. त्यांनी उजवा अर्धा वाचला. मग खूप वेळ ते डावाच वाचत राहिले. शेवटी म्हणाले, "हे तुम्ही आज दुपारी लिहिलेलं नाही कशावरून?"

अंबिकाबाईनं काकूंचा हात घट्ट धरला. उत्तर माझ्याकडे होतं, पण फळ्याला बोलता कुठं येतं?

इतक्यात दारातून धापा टाकत छत्री आत आली. छत्रीमागे माझा निष्ठावंत वाचक. त्यानं फौजदारांना खाडकन सलाम ठोकला.

"तू इथं कसा?" फौजदार म्हणाले. "तुझी नेमणूक तर गिरगावात, फळ्यावर."

"साहेब, फळा हलला, म्हणून मी हललो."

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. ज्ञानाचा ध्यास वगैरे काही नव्हतं. तो साध्या वेषातला पोलीस होता. चळवळीचा उजवा अर्धा उतरवून घ्यायला त्याला ठेवलं होतं. पण माणूस कामाचा इतका चोख, की डावा अर्धाही त्यानं सोडला नव्हता. त्याच्या मते ती सांकेतिक भाषा होती.

फौजदारांनी वही मागितली. त्यानं थुंकी लावून पानं उलटली आणि खड्या आवाजात वाचलं. "शनिवार, सकाळी सव्वासात. साळिंदराचे बीळ. दिवे तीन, कार्बाइड एक डबा, दोर साठ हात, हातोडी. श्यामकांत कोठारे, सुनंदा कोठारे, गणपत साटम." मग आवाज उतरवून म्हणाला, "साहेब, दीड वर्षाचं सगळं आहे. ती डावी चप्पलसुद्धा आहे. मी पुष्कळ डोकं लढवलं. पण मला वाटतं, हे लोक खरंच फक्त बिळात जातात."

श्यामकांतांनी जे रजिस्टर कधी ठेवलं नाही, ते सरकारनं ठेवलं होतं. नेटकं, तारीखवार.

फौजदारांनी तयार कागद हळूच फाडला. गणपत बाहेर आला. दाढी वाढलेली, अंगाला लसणाचा वास. अंबिकाबाईनं आधी त्याला एक चापट मारली, मग जवळ घेतलं. तो काकूंच्या पाया पडायला वाकला, तर काकू म्हणाल्या, "पाया नंतर. आधी ते."

गणपत माझ्यासमोर आला. त्यानं तळहात माझ्यावर टेकवला आणि आपलं नाव पुसलं. सुनंदानं फौजदारांच्याच टेबलावरचा खडू उचलला आणि डाव्या अर्ध्याखाली लिहिलं, 'सगळे आले.' उजवीकडे पाहून तिचा हात क्षणभर थांबला होता.

उजवीकडची नावं मग कुणी पुसली नाहीत. चळवळीच्या मंडळींनी दुसरा फळा आणला. माझ्यावरची ती नावं पुढच्या पावसाळ्यांतल्या दमट हवेनं हळूहळू, एक-एक अक्षर करून नेली.

साठ साली राज्य झालं. माझ्या चौकटीला झेंडूची माळ लागली. त्याच वर्षी दिवाळीनंतर काकूंना परळच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. खाली टॅक्सी उभी होती. काकू जिन्याजवळ थांबल्या आणि सुनंदाला म्हणाल्या, "खडू दे. माझं नाव राहिलं."

"आई, तू काय गुहेत चालली आहेस?"

"नियम सगळ्यांना सारखा."

त्यांनी स्वतः लिहिलं. वाकडं, मोठ्या अक्षरात. 'दुर्गा कोठारे. परळ. दिवे नाहीत. दोर नाही.'

त्या परत आल्या नाहीत.

नियम माहीत असलेल्या एकाही माणसानं त्या ओळीला हात लावला नाही. गणपतनं मिलमधून आणलेली काच माझ्यावर बसवली. दमट हवेलाही आत जाऊ द्यायचं नाही म्हणाला. तेव्हापासून माझ्यावर नवी बातमी आली नाही. फळा म्हणून माझं काम संपलं. पुढं श्यामकांतांचे गुडघे थकले, मंडळही थकलं. छत्रीवाला एकदा येऊन गेला. ती ओळ त्यानं वहीत उतरवली, टोपी काढली आणि उभा राहिला. त्या दिवशी त्याची नेमणूक नव्हती.

आज मी माळ्यावर आहे. काचेवर धूळ आहे, आत नाव शाबूत आहे. मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. कुठंही जा, डोंगरात जा, बिळात जा, पण जाताना कुठं तरी आपलं नाव लिहून जा. परत आलात की स्वतःच्या हातानं पुसा. कुणी तरी ते पाहिल्याशिवाय जेवत नसतं. आणि कधी माळा आवरायला निघालात, तर माझी काच बाहेरूनच पुसा. आतल्या ओळीखाली दोन शब्दांपुरती जागा सुनंदानं मोकळी ठेवली आहे. ती तशीच असू द्या.