पिंपाची गळती

आर्डिथने पहिल्यांदा गुरुवार चुकवला, तेव्हा मार्लिसने शेगडीवर मोठं पातेलं चढवलंसुद्धा होतं. शेबॉयगन गावातल्या मार्लिसच्या गॅरेजमध्ये दोघी मैत्रिणी कितीतरी वर्षं दर गुरुवारी बिअर करत आल्या होत्या. मोड आणून वाळवलेलं धान्य, म्हणजे माल्ट, दळायचं आर्डिथने, आच सांभाळायची मार्लिसने. बिअर तयार झाली की बर्बन व्हिस्कीमध्ये भिजवलेल्या ओकच्या ढलप्या तिच्यात सोडायच्या आणि रोज घोटभर चाखून बघायचं. ढलप्या काढायच्या कधी, यावरून दोघींचं हमखास वाजायचं. मार्लिसला त्या भांडणाइतकं दुसरं काही प्रिय नव्हतं.

"अगं, वेंडेलकडे ओकचं पिंप आलंय," आर्डिथ फोनवर सांगत होती. "थेट केंटकीहून! आतून जाळलेलं, बर्बनचा वास अजून तसाच. एवढं थोरलं पिंप भरायचं तर आपल्या बिअर-क्लबातल्या सगळ्यांची बिअर लागणार. मी आपलीही सांगून टाकली."

"आपली म्हणजे कुणाची?"

"आपल्या दोघींची."

"माझी धरू नकोस," असं म्हणून मार्लिसने फोन ठेवला.

वेंडेल हा गल्लीच्या टोकाला नव्याने राहायला आलेला विधुर. हसतमुख माणूस, सॉसेज भाजावेत तर त्यानेच. मार्लिसने पुष्कळ शोधलं, पण त्याच्यात नावं ठेवण्यासारखं काही सापडेना, आणि तेच तिला जास्त झोंबायचं. शुक्रवारी दोघी तळलेले मासे खायला जात, तिथेही आर्डिथच्या तोंडी वेंडेलच.

"वेंडेल म्हणतो, पिंपातली बिअर श्वास घेते. ढलप्या म्हणजे नुसती चहाची पुडी बुडवल्यासारखं."

"म्हणजे इतकी वर्षं आपण पुड्याच बुडवत होतो म्हण की!"

"लगेच फणकारू नकोस गं."

मार्लिसने मग हट्टाने एकटीने काळी बिअर केली. मूठ-मूठ ढलप्या टाकल्या. पण 'आता पुरे' म्हणायला कुणी नव्हतं, आणि राग निवेपर्यंत बिअरचं लाकूड झालं होतं. तरी तिने आर्डिथपुढे ग्लास ठेवला.

आर्डिथने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "वेळेवर काढल्या नाहीस."

"सांगायला कोण होतं?"

आर्डिथने उरलेला ग्लास तसाच सोडला.

फेब्रुवारीत वेंडेल ग्रीन बे शहरात मुलीकडे गेला आणि इकडे आर्डिथ तापाने अंथरुणाला खिळली. "जरा पिंपाकडे डोकावून ये ना," तिने खोकत खोकत सांगितलं. "किल्ली कुंडीखाली आहे." ती किल्ली कुठे असते हे आर्डिथला ठाऊक आहे, एवढंही मार्लिसला खुपलं.

वेंडेलचं गॅरेज उघडलं तर जमिनीवर काळं थारोळं साचलेलं. पिंपाच्या एका फळीला बारीकसं छिद्र पडून थेंब-थेंब बिअर गळत होती. मार्लिसने खाली बादली सरकवली. तेवढंच केलं. मग दुसरी बादली पालथी घालून ती तिच्यावर बसली आणि बघत राहिली. गळू दे, तिच्या मनात आलं. सगळी गळू दे.

बऱ्याच वेळाने तिने एक थेंब बोटावर घेऊन चाखला. व्हॅनिला, धूर, जळक्या साखरेचा गोडवा, आणि या सगळ्यामागे गपगार उभं असलेलं लाकूड. असं काही दोघींच्या हातून कधीच उतरलं नव्हतं. मार्लिसला रडू फुटलं. बिअर वाईट निघाली असती तर तिने वेंडेललाही माफ केलं असतं.

तिने कोपऱ्यातल्या सरपणातून ओकची एक काडी उचलली, चाकूने टोकदार केली, छिद्रात हातोडीने ठोकून बसवली आणि वरून मेणबत्तीचं मेण चोळलं. गळती थांबली. जमीन पुसून ती घरी गेली. "सगळं ठीक आहे," तिने फोनवर सांगितलं.

बिअर बाटल्यांत भरायच्या दिवशी आर्डिथला ती खुंटी दिसली. वेंडेल नळी आणायला आत गेला होता.

"हे काम तुझं. किती गळली होती?"

"जमिनीवरची मोजली नाही. शिवाय अर्धी बादली."

"पिंपाखाली बादली तर नव्हतीच. मग अर्धी भरली कशी?"

मार्लिस खाली बघत म्हणाली, "मी ठेवली. आणि बघत बसले."

"मार्लिस! दहा घरची मेहनत आहे ही!"

"ठाऊक आहे मला."

आर्डिथचा चेहरा लाल झाला. ती भांडेल असं मार्लिसला वाटलं, भांडावी असंही वाटलं. पण ती हलक्या आवाजात म्हणाली, "त्याने मला लग्नाचं विचारलंय. तुला सांगायची भीती वाटत होती."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"चांगला आहे तो," मार्लिस म्हणाली. "पण तू रोज माझ्याऐवजी त्याच्याशी भांडणार, हे माझ्याने बघवणार नाही."

आर्डिथला हसू आलं, पण ते टिकलं नाही. मग वेंडेल नळी घेऊन आला आणि त्याने विचारलं, "कोण धरतंय?"

"मी धरते," मार्लिस म्हणाली.

मे महिन्यात लग्न झालं. मार्लिस चर्चमध्ये आर्डिथच्या शेजारी उभी राहिली आणि नंतर वेंडेलने पुढे केलेला ग्लास तिने घेतला. "कशी झालीय?" त्याने उत्सुकतेने विचारलं. तिने एक घोट घेतला.

"उत्तम," ती म्हणाली. त्या एका शब्दाला तिला जेवढे कष्ट पडले, तेवढे कुठल्याच बिअरला पडले नव्हते.