नळीतले चार थेंब

तळघरातल्या त्या बारमध्ये एक नियम होता. बनवलेल्या प्रत्येक ग्लासात नळी बुडवायची, तिचं वरचं तोंड बोटानं दाबायचं आणि आत अडकलेले चार थेंब जिभेवर सोडायचे. मगच ग्लास गिऱ्हाइकापुढे.

तिथे ग्लास बनवणारे दाजी नऊ महिने नळी नुसती ओठांपर्यंत नेत होते आणि थेंब गुपचूप सिंकमध्ये सोडत होते. दारू सोडल्याचा बायकोला शब्द दिला होता. एक थेंब जरी पोटात गेला, तर ती लेकीला घेऊन जाणार होती, आणि ती पोकळ धमक्या देणारी बाई नव्हती. नाकावर आणि मापावर त्यांचं निभत होतं. बार मेव्हण्याचा, म्हणून तर सगळे त्यांना दाजी म्हणत.

शनिवारी ऐन गर्दीत काउंटरवरच्या गिऱ्हाइकानं ग्लास परत सरकवला. "समुद्र पाजताय का?"

मेव्हणा लगेच आला. "दाजी, चाखलं होतं ना?"

"हो."

"मग आता माझ्यासमोर चाखा."

दाजींची नजर बाटल्यांकडे गेली. हाताशी दोन सारख्या बाटल्या होत्या, एकीत साखरेचा पाक, दुसरीत थेंबाथेंबानं वापरायचं मिठाचं पाणी. नाकाला दोन्ही सारखीच! गफलत कुठे झाली ते कळलं, पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. मेव्हणा हटत नव्हता. त्यांनी नळी बुडवली, उचलली. दारूचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. नोकरी जाण्याची भीती केव्हाच मागे पडली होती. ते चार थेंब त्यांना हवे होते, भयंकर हवे होते.

त्यांनी नळी खाली ठेवली. "नाही चाखणार. नऊ महिने चाखलेलं नाही. नाटक करत होतो."

सगळा काउंटर ऐकत होता. मेव्हणा लालबुंद झाला. "न चाखता लोकांना पाजलंत? माझ्या बारमध्ये? निघा."

वर रस्त्यावर येऊन त्यांनी घरी फोन लावला.

"आज लवकर?" बायको म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज पडला. "प्यालात?"

"नाही. तुझ्या भावानं कामावरून काढलं."

"का?"

"चाखलं नाही म्हणून."

पलीकडे तिनं नाक ओढलं.

"घरी या," ती म्हणाली. "त्याच्याकडे मी बघते."