पदवीची कोरी पाठ

मी एक जुनी लॅमिनेशनची मशीन आहे. उंब्रजच्या एसटी स्टँडसमोर मुजीब आतारचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं काउंटरखाली, कागदांच्या गठ्ठ्यांमागं मी पडून असते. मोडलेली नाही. प्लग लावला तर आजही पाच मिनिटांत तापेन. पण कुणी लावत नाही. मित्रांनो, ते तसं का, एवढं सांगते आणि गप्प बसते. फार बोलायची ताकद उरलेली नाही.

दोन रबरी रूळ, मध्ये तापणारी पट्टी, एक लाल दिवा, एक हिरवा. एवढंच माझं शरीर. खोक्यात बसून पुण्याहून एसटीनं आले. मुजीबनं फडक्यानं पुसून मला काउंटरवर मांडलं. हिरवा दिवा लागल्यावर पहिला कागद घातला तो स्वतःच्या पदवीचा. बी.ए., अर्थशास्त्र. कडक, चकचकीत होऊन ती बाहेर आली. त्यानं ती भिंतीवर लावली. अजून तिथंच आहे, 'पॅनकार्ड काढून मिळेल' या पाटीच्या वर.

लोक मला इस्त्री म्हणायचे. रेशनकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले, फौजेतून परतलेल्यांची प्रशस्तिपत्रं, सगळं माझ्या पोटातून गेलं. "मुजीबभाईच्या इस्त्रीत बुडबुडा येत न्हाई," असं कराडपर्यंत बोललं जायचं. मी फुगायचे. खोटं कशाला सांगू?

माझा खरा हंगाम पदव्या वाटल्या जायच्या तेव्हाचा. पोरं यायची, बरोबर आईबाप. बहुतेकांचं बी.ए.च, कारण ते जवळच्या कॉलेजात मिळायचं आणि वर्गात बसलं नाही तरी चालायचं. हे मी म्हणत नाही, तीच पोरं हसत सांगायची. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस शेजारच्या झेरॉक्स मशीनमधून नोट्स निघायच्या. दरवर्षी त्याच. प्रतीची प्रत काढून अक्षरं पुसट झाली, पण नवीन लिहायचे कष्ट ना शिकवणाऱ्यानं घेतले ना शिकणाऱ्यानं. मग वर्षभरात तीच पोरं फाईल काखेत मारून भरतीच्या फॉर्मसाठी परत यायची आणि म्हणायची, बी.ए.ला किंमत न्हाई. किंमत मिळायची तरी कशाला? पुसट अक्षरांना?

मुजीबची लेक सुमैरा बारावी झाली तेव्हा तिनंही बी.ए. म्हटलं. विषय इतिहास.

"भिंतीवर बघ," मुजीब म्हणाला. "घरात एक लावल्यालं हाय, ते पुरं न्हाई व्हय?"

"तुमी पास झालात अब्बा. शिकलात कुठं?"

मुजीबनं फडकं उचललं आणि पुसलेली काच पुन्हा पुसली.

कॉलेजात क्रांतीमॅडम नावाच्या एक बाई होत्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितकाच पगार आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची खात्री नाही. त्यांनी वर्गाला काम दिलं. कोयनेचा भूकंप पाहिलेलं एक म्हातारं माणूस गाठा. ते दोन तास बोलेल. तुम्ही एक पान लिहून आणा. पुस्तकातलं एक वाक्य दिसलं तर वही परत.

सुमैरा गावातल्या म्हाताऱ्या चंद्राबाईंकडे गेली. भूकंपाच्या वेळी चंद्राबाई नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या. सुमैरानं ते पान चार वेळा लिहिलं. दोन तासांच्या बोलण्यातून नेमकं काय ठेवायचं, काय सोडायचं, यावर ती काउंटरवर डोकं धरून बसायची. मॅडमच्या लाल रेघांनी वही भरून यायची.

तिच्याच वर्गात जयराज होता. लालासाहेबांचा मुलगा. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले, ऊसवाले, ताठ माणूस. पोरगा पाठांतरात पक्का. त्यानं सुमैराचं पान मागून नेलं, चंद्राबाईंचं नाव बदललं आणि तेच दिलं. दोन्ही पानांत एकच गोठा पडला होता आणि एकच तांबडी गाय वाचली होती. मॅडमनी त्याची वही परत केली, एवढंच. पुढच्या वर्षी त्यांना कॉलेजनं बोलावलं नाही. नोट्सवाले प्राध्यापक कायम नोकरीत होते, ते राहिले.

जयराजला पहिला वर्ग मिळाला. सुमैराला दुसरा. पण दुकानात लोक तिच्याकडून अर्ज लिहून घ्यायला लागले. माणूस अर्धा तास रस्त्याचं, मोजणीचं, भावकीचं सगळं सांगायचा, आणि ती आठ ओळींत त्याचं म्हणणं उतरवायची. तिच्या अर्जांना उत्तरं यायची.

सुमैराची पदवी आली तो दिवस मला आठवतो. मुजीबनं आधी माझे रूळ पुसले. मग हात धुतले. पदवी दोन्ही हातांनी धरून आत सोडली, जशी कुणी पोर पाळण्यात ठेवावी. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम. आणि सगळ्यात वाईट.

कारण पुढच्या वर्षी तिला मस्कतच्या एका शाळेत ऑफिसचं काम लागलं. घर, विमान, सगळं शाळेचं. कागदपत्रं बघायला सांगलीचा एजंट आला. त्यानं पदवी उलटी केली, नख मारलं.

"हे कुणी केलं?"

"मी," मुजीब अभिमानानं म्हणाला.

"आवं भाई, परदेशात जायचं तर सरकारी शिक्का मूळ पदवीच्या पाठीवर बसतो. प्लास्टिकवर कसा बसंल? असला कागद खिडकीवरनंच परत येतोय. पंधरा दिवसांत मोकळा कागद आणा, न्हाईतर शाळा दुसरी पोरगी घेईल."

मुजीब इतकी वर्षं तालुक्याच्या पदव्या प्लास्टिकात बंद करत आला होता. मागं कुणाला काही उमटवायचं असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. एकाही बापाच्या आलं नव्हतं.

दुपारी त्यानं शटर अर्धं ओढलं. पदवी दुसऱ्यांदा माझ्यात घातली. प्लास्टिक गरम असतानाच कडेला ब्लेड लावून सोलायचं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी जीव तोडून तापले. कोपरा सुटला, निम्मा कागद सुटला. मग फट असा आवाज आला. सुमैराचं नाव प्लास्टिकला चिकटून वर आलं आणि खाली कागदावर पांढरा ओरखडा राहिला.

मुजीब स्टुलावर बसला. "तुझा कागद मीच खाल्ला गं."

"मी पण हात फिरवून बघितलं व्हतं अब्बा. लय गुळगुळीत झालंय म्हणले व्हते."

"सांगत व्हतो मी. बी.ए. कुठंच पोचवत न्हाई."

"बी.ए.नं न्हाई अडवलं. तुमच्या इस्त्रीनं अडवलं," ती म्हणाली, आणि त्याच काउंटरवर विद्यापीठाला दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज लिहायला बसली. आठ ओळी.

प्रत पंधरा दिवसांत आली नाही. मस्कतची जागा गेली. मुजीब महिनाभर माझ्याकडे बघत नव्हता.

मग कराडच्या एका ठिबक सिंचनवाल्या कंपनीची नोकरीची जाहिरात आली. सुमैरा गेली, जयराजही गेला. तोवर तो हायवेवरच्या हॉटेलात गल्ल्यावर बसत होता. तिथल्या साहेबानं कुणाची फाईल उघडली नाही. एका शेतकऱ्याचं तक्रारीचं तीन पानी पत्र प्रत्येकाला दिलं. त्यात पाइप होते, मेव्हणा होता, विहीर होती, शिव्या होत्या. साहेब म्हणाला, ह्या माणसाचं दुखणं काय ते ओळखा आणि त्याला दहा ओळींत उत्तर लिहा.

सुमैराला ते पत्र म्हणजे चंद्राबाईंचं बोलणंच वाटलं. तिनं लिहिलं. जयराजनं 'शेतकरी हा देशाचा कणा आहे' असं सुरू केलं आणि पुढं त्याला काही सुचलं नाही.

तिला घेतलं. अकरा महिन्यांचा करार, रोज दोन एसट्या. फार मोठं काही नाही, आणि मी ते मोठं करून सांगणारही नाही.

पदवीची दुसरी प्रत त्यानंतर आली. मुजीबनं ती हातात घेतली आणि सवयीनं माझं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"राहू द्या अब्बा," सुमैरा म्हणाली. "पाठ कोरी असू द्या. अजून कुणीतरी काहीतरी उमटवणार हाय तिथं."

मुजीबनं प्लग काढला, वायर माझ्याभोवती गुंडाळली आणि मला खाली ठेवलं. रागानं नाही.

परवा जयराज आला. काखेत फाईल नव्हती, कोरी वही होती.

"सुमैरा, ती चंद्राबाई हाय का गं अजून?"

"हाय. तिला ऐकायला कमी येतंय."

"मग जोरात बोलीन."

"तू बोलायचं न्हाई रं. तू ऐकायचंस."

तो हसला नाही. "दोन तास?"

"आता म्हातारी झालीय. तीन धर."

तो वही घेऊन गेला. परत काय लिहून आणेल, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, रेशनकार्ड खुशाल माझ्यात घाला, ते पावसात भिजतं. पण शिकलेलं घालू नका. त्याच्या कडा मळू द्या, कोपरे दुमडू द्या, त्यावर लाल रेघा पडू द्या. मी कागद जपला, आणि जपता जपता त्याची पाठ बंद करून टाकली. तुम्ही तेवढं करू नका. आता मला इथं, गठ्ठ्यांमागं, गार पडून राहू द्या.