लाल म्हणजे पक्की

लातूरच्या ज्या क्लासात अर्शिया शिकली, त्याच क्लासनं तिचा सत्कार ठेवला. पोरगी आता उपग्रहावरच्या यंत्रांचं काम करते, म्हणजे जाहिरातीच्या फलकाची वर्षभराची सोय झाली! पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते तिचे अब्बा, जहांगीरभाई. अहमदपूर रस्त्यावर त्यांच्या वीटभट्ट्या. भूकंपानंतर गावं नव्यानं वसली, मग क्लासवाल्या पोरांची वसतिगृहं उठली; दोन्हींना त्यांच्याच विटा लागल्या. ऑफिसात मात्र अर्शिया सांगायची, "अब्बा बांधकामात आहेत." हवेतला धूर मोजणाऱ्यांत भट्टीवाल्याची पोरगी म्हणवून घ्यायला तिला लाज वाटे.

"जमिनीवरून परत जाणारा सूर्याचा उजेड हे यंत्र तपासतं," ती मंचावरून पोरांना सांगत होती. "त्यावरून हवेत ओझोन किती, धुरातले वायू किती, ते कळतं."

पोरांना आपला भाग दाखवावा म्हणून तिनं जिल्ह्याचा नकाशा आणला होता. पडद्यावर सगळीकडे पिवळं, एकाच जागी लालभडक. रंगांचा अर्थ ती सांगणार, तोच जहांगीरभाई उठून उभे राहिले.

"अरे, हे तर आमच्या भट्ट्यांचं ठिकाण! बघा, बाकी सगळं पिवळं, कच्चं. आमचंच लाल हाय, पक्कं!"

भट्टीवर पिवळी वीट म्हणजे कच्ची राहिलेली आणि लाल म्हणजे नीट भाजलेली. सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. अर्शियानंही टाळ्या वाजवल्या आणि पुढचं चित्र लावलं. आपण काय करतोय हे कळून तिचे कान तापले.

परतताना गाडीत अब्बा अजून खुशीतच होते. "बेटा, तो नकाशा मोठा करून दे. भट्टीवर लावतो."

आता तिला राहवेना. "अब्बा, लाल म्हणजे पक्कं नाही. लाल म्हणजे तिथली हवा सगळ्यात खराब. आपल्या धुरानं."

जहांगीरभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"तुझ्या हापिसात ठाऊक हाय का, भट्टी तुझ्या बापाची हाय ते?"

"नाही."

"बरं झालं. सांगू नको हां बेटा, कधीच. माझ्यापायी तुला कमीपणा येईल."

अर्शियानं तोंड खिडकीकडे फिरवलं. इतकी वर्षं ती तेच तर करत आली होती.