मामाच्या छातीतली स्प्रिंग

मित्रांनो, नर्सिंग कॉलेजच्या सराव-खोलीतला मी एक जुना पुतळा. मला पाय नाहीत. कमरेपर्यंतच घडवलं मला. कारखान्यात माझ्या रबरी छातीत एक जाड स्प्रिंग बसवली होती. बंद पडलेलं हृदय चालू करायला जेवढा जोर लागतो, तेवढ्या जोराने छाती दाबली की आतून ‘टक्’ वाजे. जोर कमी पडला की मी गप्प.

मुली मला मामा म्हणत. “उठा मामा, मामी वाट बघतायत,” असं म्हणत घाम गाळत. मोठ्या बाई स्वतः स्पिरिटच्या बोळ्याने माझं तोंड पुसत. मामापुढे लाडीगोडी चालत नाही, असं त्या सगळ्यांना कौतुकाने सांगत, आणि मी फुलून जाई.

वर्गाच्या दोन तुकड्या होत्या. पहिली बाईंची. दुसरीचे सर मला कपाटातून काढतच नसत. फळ्यावर छातीचं चित्र काढलं की मोकळे. सराव-परीक्षेत व्हायचं तेच झालं. दुसरीतल्या मुली दाबून दाबून दमल्या, मी गप्पच.

अशात कॉलेजच्या मान्यतेसाठी समिती येणार असं ठरलं. दोन्ही तुकड्या सारख्याच शिकल्यात, हे तिला दाखवायचं होतं. मला वाटलं, आता दुसरी तुकडी माझ्याकडे येईल. आला तो दुरुस्तीवाला, बाईंना घेऊन. स्प्रिंग तर ठणठणीत आहे, बदलायची कशाला, असं त्याने विचारलं. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “हलकी टाका. शिकवत बसायला वेळ नाही आता.”

बाई म्हणाल्या हे, मित्रांनो. सर म्हणाले असते, तर इतकं लागलं नसतं.

समितीसमोर नुसता तळहात टेकला तरी मी वाजत होतो. दोन्ही तुकड्या अगदी सारख्या. बाईंचं अभिनंदन झालं.

सगळे गेल्यावर दुसऱ्या तुकडीतली एक चष्मेवाली मागे राहिली. तान्ही लेक सासूकडे ठेवून ती शिकायला येई. सोमवारपासून तिची वॉर्डात ड्यूटी.

“मामा, खरंच जमलं का हो मला?”

तिने दाबलं. टक्. ती हसली, पर्स उचलून निघून गेली.

‘अजून जोर लाव, पोरी’ हे मी गप्प राहूनच सांगू शकत होतो. तेवढंही माझ्याकडे ठेवलं नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, झाकून ठेवू नका. माझी जाड स्प्रिंग परत बसवा आणि त्या मुलीला बोलवा. सोमवारच्या आत बोलवा.