ग्रीक बंदरातला नारळ

दोन हजार नऊच्या मे महिन्यात दुबईत रोज कुणाला ना कुणाला नारळ मिळत होता, आणि सुजीत कारखानीस तो देणाऱ्यांपैकी होता. एका बांधकाम कंपनीत तो एचआर हेड. माणसाला समोर बसवून आधी पाणी विचारायचा आणि मग म्हणायचा, "यात पर्सनल काही नाही." घरी आल्यावर बायकोला, वासंतीला, सांगायचा की आज मन फार दुखलं. जेवायचा मात्र व्यवस्थित.

अशा दिवसांत कंपनीच्या खर्चानं ग्रीसला शिडाच्या बोटीतून फिरायला जाणं म्हणजे वासंतीला शेजारी सुतक असताना आपल्या घरी पुरणपोळी करण्यासारखं वाटत होतं. पण सहल तेजीच्या काळात बुक झालेली, आता रद्द होईना. त्यात जनरल मॅनेजर अरुण सबनीस यांनी हिवाळाभर दर शुक्रवारी क्लबात जाऊन बोट चालवण्याचं सर्टिफिकेट मिळवलं होतं. सबनीस माणसं वाया जाऊ देत, सर्टिफिकेट नाही.

निघायच्या आदल्या दिवशी चेअरमननी सुजीतला केबिनमध्ये बोलावलं. संध्याकाळी तो वासंतीला म्हणाला, "सबनीस सरांना काढायचंय. तिकडेच सांगायचं, आणि मी. चेअरमन म्हणाले, 'समंदर की हवा में आदमी समझदार हो जाता है.'"

"मग पहिल्याच दिवशी सांगून मोकळा हो."

"बोटीचे कॅप्टन ते आहेत, वासंती. मला पोहता येत नाही."

दोन्ही जोडपी निघाली. बेटामागून बेटं मागं पडली, पण सुजीतला मौका सापडेना. सबनीस पांढरी टोपी घालून "यल्ला, चला!" म्हणत शिडं उभारायला लावत. वासंती स्वयंपाकघर म्हणाली की "गॅली" अशी दुरुस्ती करत. सुजीतशी मात्र ते नको इतके गोड वागत होते. त्याच्या ताटात स्वतः ऑलिव्ह वाढत, लेकीच्या बारावीची चौकशी करत. सुजीतला त्यानं आणखीच अपराधी वाटे.

मग एका दुपारी ते एका छोट्या बंदरात शिरले. त्या गावाचं नाव सबनीस दर वेळी वेगळं उच्चारत. तिथली रीत अशी की पुढून नांगर टाकायचा आणि बोट मागं घेत धक्क्याला लावायची. सबनिसांनी नांगर टाकला तो शेजारच्या बोटीतल्या जर्मन म्हातारा-म्हातारीच्या नांगराच्या साखळीवर. बोट तिरकी झाली, वाऱ्यानं आडवी गेली आणि मच्छीमारांच्या होडीला घासली. धक्क्यावरच्या खानावळीतली माणसं खुर्च्या फिरवून बघू लागली. जर्मन बाईनं शांतपणे चहाचा कप उचलून, पाऊस येताना वाळवण घरात नेतात तसा, आत नेला.

कशीबशी बोट बांधली, पण नांगर अडकलेलाच. दोघे पुरुष तो सोडवायला छोट्या रबरी होडीतून गेले आणि बायका खानावळीत जाऊन बसल्या.

सबनिसांच्या सुजातावहिनींनी कॉफी ढवळता ढवळता डोळे पुसले. "वासंती, मला आता हे झेपत नाही. अरुणला झोप लागत नाहीये. सुजीतला काढायचं त्याच्यावर आलंय. इथेच सांगायचं, असा हुकूम. चेअरमन म्हणाले म्हणे, समंदर की हवा में आदमी..."

"समझदार हो जाता है," वासंतीनं वाक्य पुरं केलं.

वहिनींचा चमचा थांबला. मग वासंतीनं आपल्या बाजूचा हुकूम सांगितला. वहिनी इतक्या हसल्या की खानावळवाल्यानं न मागता पाणी आणून दिलं. वासंतीला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष आलं, आणि सुजीतच्या नोकरीवर उभे असलेले तिघांचे व्हिसा.

ती उठून धक्क्याच्या टोकाला गेली. समोर होडीत सबनीस दोर ओढत होते आणि सुजीत त्यांचा पट्टा धरून बसला होता. सगळं बंदर बघत होतं, पण मराठी कळणारं कुणी नव्हतं. वासंतीनं खणखणीत आवाजात सांगितलं, "सुजीत, तुला काढलंय. सर, तुम्हालाही. चेअरमननी तुम्हा दोघांना एकमेकांवर सोडलंय."

सबनिसांच्या हातून दोर सुटला. निम्म्यावर आलेला नांगर पुन्हा तळाला गेला.

तासाभरानं डेकवर रीतसर बैठक झाली. हे सबनिसांनीच ठरवलं. टोपी घालून, ताठ बसून. "आधी मी. मी सीनियर आहे," म्हणाले. मग मार्केट, रिस्ट्रक्चरिंग आणि सुजीतचं मोलाचं योगदान यांवर बोलले. सुजीतनं मान डोलावली, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

मग त्याची पाळी आली. त्यानं सबनिसांपुढं पाण्याचा ग्लास सरकवला. "सर, यात पर्सनल काही नाही."

"नाही कसं?" सबनीस म्हणाले. "माझं नाव घेऊन सांगतोयस. घर माझं जाणार. मग पर्सनल नाही तर काय आहे हे, सुजीत?"

एवढ्या माणसांना सुजीतनं घरी पाठवलं होतं, पण उलट हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती सगळी पाणी पिऊन उठून गेली होती. वासंतीनं त्याच्याकडे पाहिलं. या वेळी त्याचं मन खरंच दुखलं असावं, कारण त्यानं रात्रीच्या माशाला हातही लावला नाही.

नांगर शेवटी जर्मन म्हाताऱ्यानं सोडवला. त्या बाईनं चौघांना केक पाठवला, बहुधा लवकर निघावेत म्हणून.

रविवारी दुबईतलं ऑफिस उघडताच दोघे जोडीनं चेअरमनपुढं उभे राहिले. चेअरमन खूश झाले. "देखा? कोई झगडा नहीं. खलास." वर्ष सरायच्या आत त्यांनाही कुणीतरी नारळ देऊन खलास केलं. कंपनीची पाटी उतरली.

सुजीतला पुढं दूर अबूधाबीच्या टोकाला, रुवैसला नोकरी लागली, एचआरचीच. वासंती लेकीची परीक्षा होईपर्यंत दुबईत एका खोलीत राहिली. सबनीस शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये पाइप विकू लागले. दोघी बायका अजून भेटतात, नवरे भेटत नाहीत. गणपतीच्या आरतीनंतर सबनीस नव्या माणसांना सांगतात की राजीनामा आपण ग्रीसमध्ये, समुद्राकडे बघत दिला. सुजातावहिनी तेव्हा प्रसाद वाटायला उठतात.