चित्रांपलीकडचे शब्द

चिमणीला ‘क’ म्हणता येत नव्हता. पाच वर्षांची झाली तरी ‘क’चा ‘त’ व्हायचा आणि ‘ग’चा ‘द’. कप म्हणजे तप, गाय म्हणजे दाय. स्पीच थेरपीच्या केंद्रात तिचे उपचार चालू होते आणि आज तिची फेरतपासणी होती. केंद्राचा नियम साधा होता, म्हणूनच भयंकर होता. फेरतपासणीत ज्या मुलाची प्रगती दिसणार नाही, त्याची जागा रांगेतल्या दुसऱ्या मुलाला जायची.

आई सकाळपासून धास्तावली होती, आणि ती धास्ती नुसत्या काळजीची नव्हती. मागच्या तपासणीला ती कोपऱ्यात बसली होती. थेरपिस्ट बाईंनी दाखवलेली चित्रं तिने एकूण एक लक्षात ठेवली. कप, कंगवा, कात्री, कुलूप, गाय, गाडी. घरी येऊन तिने तीच चित्रं स्वतः काढली आणि लेकीकडून घोकून घेतली. अंघोळीच्या वेळी, जेवताना, झोपवताना. चुकलं की पुन्हा, रडली तरी पुन्हा. आईची माया वेडी असते म्हणतात. हिची वेडी तर होतीच, वर हट्टीही होती.

“हे काय आहे?” बाईंनी पहिलं चित्र पुढे सरकवलं.

“कप.”

“आणि हे?”

“कंगवा.”

बाईंनी कागदावर खूण केली. आईला खरं तर हायसं वाटायला हवं होतं, पण चोराच्या मनात चांदणं. पोरगी मध्येच ‘ही तर आमच्या घरचीच चित्रं’ असं बोलून बसली तर? बाई मान वर करायच्या आणि ही घाईने खाली बघायची.

शब्द मात्र एकही चुकला नाही. बाईंचा चेहरा खुलला.

“कमाल केलीत ताई! आता हिला आमची गरजच उरली नाही. हिची जागा रांगेतल्या मुलाला देऊन टाकू.”

जागा जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप, आणि त्यापायीच जागा चालली. गप्प राहावं तर पोरगी तशीच राहणार, बोलावं तर लबाडी उघडी पडणार. शेवटी ती बोललीच.

“मॅडम, तिला ‘क’ येत नाही. मी ही चित्रंच पाठ करून घेतली. दुसऱ्या कुठल्याच शब्दात येत नाही हो.”

बाई रागावल्या नाहीत, त्यामुळे आई जास्तच घाबरली.

“ताई, ही शितावरून भाताची परीक्षा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही नेमकी तेवढीच शितं शिजवलीत. आता भात कळायचा कसा?” त्यांनी चित्रं बाजूला ठेवली. “चिमणे, आपण नुसत्या गप्पा मारू या. घरी काय काय खेळतेस?”

चिमणीने आईकडे पाहिलं. ओठ हलले आणि मिटले.

“सांग ना गं. कसंही सांग,” आई म्हणाली. आवाज मऊ केला होता, तरी पोरीने अंग चोरलं.

“नतो,” ती पुटपुटली. “आई रादावेल.”

आईला भडभडून आलं. एके काळी या पोरीच्या तोंडाचा पट्टा थांबता थांबत नसे. हल्ली ती घरात गप्प असते, ते शहाणपण आलं म्हणून, अशी आईने आपली समजूत करून घेतली होती.

“जागा राहील तिची,” बाई म्हणाल्या. “पण मला सगळं नव्याने मोजायला लागेल. तुम्ही जरा बाहेर थांबता?”

दार बंद झालं. बराच वेळ आतून काहीच ऐकू येईना. पोरगी कायमचीच मुकी झाली तर, असं आईच्या मनात येऊन गेलं. मग आवाज फुटला. बाहुली, बाहुलीची गाडी, ती पलंगाखाली गेली, मग मांजर आलं, सगळं एका दमात, एकूण एक ‘क’ आणि ‘ग’ चुकलेले.

आईने दाराला कान लावला. तिला खोकल्याची उबळ आली, ती तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून आवरली. आपण दाराशी उभ्या आहोत हे आत कळलं, तर पोरगी पुन्हा गप्प होईल, याचीच तिला भीती वाटत होती.